कुंड्या आणल्या, पण अण्णा गॅलरीकडे फिरकत नाहीत

पत्र थोडक्यात: लालबागच्या एका वाचक ताईंनी मेअखेरीस लिहिलं आहे. वय ४३, फोर्टात नोकरी. सासूबाई आठ महिन्यांपूर्वी गेल्या. सासरे, म्हणजे घरातले अण्णा, ७१ वर्षांचे, गोदीतून फिटर म्हणून निवृत्त. मूळ गाव देवगडकडे, सतराव्या वर्षी मुंबईत आले ते चाळीत राहिले. चाळीचा पुनर्विकास झाला आणि आता घर चौदाव्या मजल्यावर आहे. बायको गेल्यापासून अण्णा खिडकीपाशी खुर्ची टाकून बसून असतात. नाक्यावर जाणं बंद झालंय, जेवण निम्म्यावर आलंय, वजन उतरलंय, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मधुमेह जुना आहे. बागकामाने मन सावरतं असं वाचून ताईंनी बारा कुंड्या ऑनलाइन मागवल्या: स्नेक प्लांट, झेडझेड, जेड वगैरे. अण्णांनी एकदा पाहून "हेका फळां येतत काय?" एवढंच विचारलं. झाडं मेली तर त्यांना आणखी लागेल म्हणून ताई रोज रात्री सगळे झोपल्यावर सगळ्या कुंड्यांत मिळून तांब्याभर पाणी घालतात. तरी पाच झाडं गेली. उरलेल्यांची पानं पिवळी पडताहेत, माती कायम ओली असते, वर चिलटं बसतात. गॅलरीतून पाणी टपकतं म्हणून खालच्या बिऱ्हाडाने तक्रार केली, सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. यजमान म्हणतात, पैसे पाण्यात गेले. ताई विचारतात: अण्णांना बागेकडे वळवू कसं? की हा नाद सोडून देऊ?

ताई,

आधी झाडांचं बोलते, मग अण्णांकडे येते. कारण तुमच्या पत्रातलं पाण्याचं गणित मला जुळत नाही.

तांब्याभर पाणी बारा कुंड्यांत, म्हणजे कुंडीमागे जेमतेम अर्धी वाटी. मे महिन्यात, चौदाव्या मजल्यावरच्या वाऱ्यात, एवढ्या पाण्याने वरची माती दुसऱ्या दिवशी कोरडी दिसायला हवी. तुम्ही मात्र लिहिता की माती कायम ओली, पानं पिवळी, वर चिलटं. ही मुळं कुजू लागल्याची लक्षणं. स्नेक प्लांट आणि झेडझेडला आपल्या दमट हवेत पंधरा-वीस दिवसांतून एकदा पाणी पुरतं, त्यामुळे तुमची अर्धी वाटीसुद्धा त्यांना जास्तच. पण खालच्या गॅलरीत टपकावं इतकं पाणी तुमच्या तांब्यात मुळीच नाही. पाऊसही तेव्हा सुरू झाला नव्हता. मग हे पाणी घालतंय कोण?

तुमच्या घरात पहाटे तीनला जागं असणारं माणूस एकच आहे.

माझा तर्क चुकू शकतो. एसीचा पाइप गॅलरीत सोडलेला असेल, किंवा कामाच्या बाई उरलेलं पाणी तिथे ओतत असतील, तर माझी ही सगळी हुशारी मुसळ केरात. म्हणून खात्री करा, पण पाळत ठेवून नको. चार रात्री तुमचा तांब्या थांबवा. पाचव्या दिवशी एखाद्या कुंडीत बोट पेरभर आत घालून बघा. माती ओली लागली तर समजून जा. आणि समजलं तरी बोलू नका. "अय्या अण्णा, पाणी तुम्ही घालता होय!" असं जेवणाच्या टेबलावर कौतुक झालं, की उद्यापासून ते बंद. माणूस एखादं काम पहाटे, दिवा न लावता करत असेल, तर त्याला ते कुणाला दाखवायचं नसतं. तुम्ही फक्त तुमचं पाणी कायमचं बंद करा.

तुमच्या त्या तांब्यामागे एक समजूत आहे, ती जरा तपासून पाहू या. झाड मेलेलं अण्णांना सोसणार नाही, असं तुम्हाला वाटतं. अहो, वाडीत वाढलेला माणूस आहे तो. तुडतुड्यांनी मोहोर गेलेला, भाताचा तरवा पाण्याखाली सडलेला त्यांनी लहानपणीच पाहिला असणार. प्लास्टिकच्या कुंडीतलं एक रोप वाळलं तर त्यांच्यापेक्षा तुम्हालाच जास्त लागेल. बायको गेली म्हणून ते काचेचे झालेले नाहीत. उलट, आपण घातलं नाही तरी झाडाला पाणी मिळतंच हे एकदा कळलं, की त्या झाडाशी त्यांचं काही देणंघेणं उरत नाही.

याच मुद्द्याभोवती फिरणारा एक जुना अभ्यास आहे. १९७६ मध्ये एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या एका वृद्धाश्रमात तो केला. एका मजल्यावरच्या आजी-आजोबांना सांगितलं की तुमच्या दिवसाचे निर्णय तुमचे तुम्ही घ्या, आणि हे रोप घ्या, याची निगा तुम्हीच राखायची. दुसऱ्या मजल्यावरही रोपं दिली, पण तिथे सांगितलं की पाणी परिचारिका घालतील, तुम्ही काळजी करू नका. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची मंडळी जास्त उत्साही, जास्त मिसळणारी दिसली. रोप दोन्हीकडे होतं, तेव्हा फरक नुसत्या हिरवाईने पडला असं काही म्हणता येत नाही. अभ्यास लहान होता, आणि पहिल्या मजल्याला रोपाखेरीज इतर मोकळीकही मिळाली होती, हे लक्षात ठेवायला हवं. तरी तुमचा रात्रीचा तांब्या कोणत्या मजल्यावरचा, ते तुम्हीच ठरवा.

बागकामाच्या उपचाराचा इतिहास सांगणारे हटकून बेंजामिन रश यांचं नाव घेतात. फिलाडेल्फियाचे हे डॉक्टर. १८१२ मध्ये त्यांनी मनोरुग्णांवर पुस्तक लिहिलं, त्यात बाग खणणारे रुग्ण बरे होतात असं निरीक्षण आहे. पण ते वाक्य पूर्ण वाचलं तर गंमत दिसते. लाकडं फोडणारे, चूल पेटवणारे, बाग खणणारे, कपडे धुणाऱ्या, इस्त्री करणाऱ्या, फरशा घासणाऱ्या, असे सगळे त्यांनी एका ओळीत बसवलेत. आणि मोठ्या घरचे म्हणून ज्यांना या कामांतून सूट होती, ते तिथेच खितपत पडले असं म्हटलंय. बागेची महती सांगणाऱ्यांनी त्यातला खणण्याचा तुकडा उचलला आणि धुणं-लाकडं सोडून दिली. मला वाटतं, त्यांना दिसलं ते एवढंच, की घराला उपयोगी पडणारं, हाताने करायचं काम मिळालं की माणूस उभा राहतो. बाग हा त्यातला एक प्रकार.

तुमच्या कुंड्यांचं तिथेच बिनसलं असावं. घराला त्या कुंड्यांची गरज नव्हती, आणि अण्णांना ते कळलं. "हेका फळां येतत काय?" हा प्रश्न तुम्हाला तुसडा वाटला. मला तो अगदी रास्त वाटतो. फळ नाही, भाजी नाही, देवाला फूल नाही, मग हे कशाला? त्यावर "हवा शुद्ध होते" असं उत्तर देऊ नका. घरातल्या रोपांनी हवा शुद्ध होण्याचा बोलबाला नासाच्या १९८९ च्या एका प्रयोगावरून झाला आणि तो हवाबंद पेट्यांमध्ये केलेला होता. लालबागच्या उघड्या खिडकीत पाच-दहा कुंड्यांनी हवेत काही फरक पडत नाही.

दुसरी समजूत जरा नाजूक आहे. कोकणातला माणूस म्हणजे झाडांची आवड असणारच, असं तुम्ही धरून चालला आहात. असेलही. पण सतराव्या वर्षी गाव सोडून आलेल्या कित्येकांना शेती म्हणजे चिखल, कर्ज आणि भावाभावांतले वाद एवढंच आठवतं, आणि त्यातून सुटल्याचा आनंदही असतो. शिवाय चाळीच्या गॅलरीतली झाडं कोणाची होती? सासूबाईंच्या हातची असतील, तर नव्या गॅलरीत पाऊल टाकणं अण्णांना जड जाणार. हे तुम्हाला ठाऊक असेल, मला नाही. यजमानांना विचारा, ते त्याच गॅलरीत वाढलेत. पैसे पाण्यात गेल्याचा हिशेब मांडण्यापेक्षा तेवढं आठवून सांगितलं तर उपयोग होईल.

आता जरा थांबून एक वेगळं बोलायचंय, आणि तुमच्यासारखी पत्रं लिहिणाऱ्या सगळ्यांनीच ते वाचावं. पहाटे तीनची जाग, उतरलेलं वजन, निम्मं जेवण, बाहेर जाणं बंद, आणि हे आठ महिने. याला नुसतं दुःख म्हणून सोडून देऊ नका. म्हाताऱ्या माणसांत नैराश्य पुष्कळदा असंच येतं, ती रडत नाहीत, गप्प होतात. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ कमी झालेलं असू शकतं, थायरॉइडही बघायला हवा, आणि ऐकू कमी येत असेल तरी माणूस गप्पांतून बाहेर पडतो. आधी तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे जा. मग गरज पडली तर केईएम रुग्णालय तुमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, तिथे मानसोपचाराची ओपीडी आहे. घरातून फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. औषधं लागली तर घ्यावीत. बाग त्यांच्या जोडीला चालेल, त्यांच्याऐवजी चालणार नाही.

आणि अण्णांना एकदा नीट, शांतपणे विचारा, "जगणं नको असं वाटतं का कधी?" विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर हो आलं किंवा नुसतं गप्प राहणं आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा, त्यांना एकटं ठेवू नका, आणि ग्रिल बसवून होईपर्यंत गॅलरीचं दार रात्री कुलूपबंद ठेवा. माझा पहाटेचा तर्क खरा असला तरीही. घरात रासायनिक कीटकनाशकाची बाटली ठेवू नका, हेही त्यातच आलं. कुंडीतल्या किडीला लिटरभर पाण्यात चमचाभर नीमतेल आणि थोडं साबणाचं पाणी पुरतं. जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण तर कापसाच्या बोळ्यानेही पुसून निघतो.

डॉक्टरांचं सुरू झालं की मग बागेकडे वळा. सुरुवात झाडाने करू नका. ती सेक्रेटरींच्या चिठ्ठीने करा.

अण्णा फिटर होते. तीस-पस्तीस वर्षं पाइप, झडपा, गळती हेच त्यांचं काम. आणि तुमच्या घरात आज पाणी गळतंय, खालचं बिऱ्हाड रागावलंय, लेखी तक्रार आलीय. ही खरीखुरी अडचण आहे, तुम्ही रचलेलं नाटक नाही. चिठ्ठी त्यांच्या हातात द्या आणि म्हणा, "अण्णा, हे पाणी बंद कसं करायचं? मला काही सुचत नाही." मग गप्प बसा. चार दिवस लागले तर लागू द्या. कुंड्या उंचावर ठेवायला स्टँड, खाली उताराचा ट्रे, त्यातून अर्धा इंची पीव्हीसी पाइप गॅलरीच्या नाहणीच्या जाळीपर्यंत, असं काहीतरी त्यांच्या डोक्यात येईल. मला आलं त्यापेक्षा बरंच येईल. एल्बो आणि टेफलॉन टेप आणायला हार्डवेअरच्या दुकानात जावं लागेल, म्हणजे नाक्यापर्यंत जाणं आलंच. तेवढ्यासाठी यजमानांनी ऑनलाइन मागवून मदत करू नये, एवढं त्यांना बजावून ठेवा.

गोदीचा विषय निघाला म्हणून सांगते. २००२ च्या सुमारास मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर बाग सुरू झाली. रोजच्या स्वयंपाकातला ओला कचरा जिरवून त्याचीच माती करायची आणि त्यात भाज्या-फळझाडं लावायची, अशी ती पद्धत होती. अण्णा तेव्हा नोकरीत होते. कदाचित त्यांनी ती पाहिलीही असेल. सहज विचारून बघा. गोदीच्या गोष्टी सांगायला निवृत्त माणूस कधी ना म्हणत नाही.

ट्रे बसला की मग रोपांचा विषय. यावेळी ऑनलाइन खरेदी नको आणि तुमची निवडही नको. उरलेली झेडझेड नि जेड ऑफिसात वाटून टाका, त्यांना तिथलं एसीचं वातावरण चालतं. अण्णांना फक्त विचारा की इथे काय होईल. मला विचाराल तर मी हळद म्हणेन. मृग लागला आहे, लावायची वेळ हीच. गावाहून कोणी येणार असेल तर मोड आलेले गड्डे मागवा, आणि फोन अण्णांनाच करू द्या. फूटभर खोल कुंडी, तीन-चार तासांचं ऊनही पुरतं. नागपंचमीला नाही, पण गणपतीपर्यंत पातोळ्यांपुरती पानं नक्की मिळतात. दादरच्या बाजारात हळदीच्या पानांची जुडी घेणाऱ्या बाईला त्याची किंमत वेगळी सांगायला नको. पानं हिवाळ्यात पिवळी पडून आडवी झाली की खाली ओली हळद तयार असते, तिचं लोणचं.

दुसरं वडीचं अळू. त्याला ओल सोसते, आवडतेच. पाणी जास्त पडणाऱ्या घराला अळूच शोभतं! ऊन कमी असेल तर पानओवा, पुदिना. पाच तास ऊन असेल तर मिरची, मोगरा. आणि ज्यांना हळदीइतका धीर नाही त्यांच्यासाठी मेथी. मुंबईच्या किनाऱ्यावरच्या वाळूत होणारी ती बारीक समुद्रमेथी आपण जुडीने आणतो, तशीच घरी होते. डब्यातले मेथीदाणे रात्रभर भिजवायचे, पसरट ट्रेमध्ये माती किंवा वाळूवर दाट पेरायचे, दोन-तीन दिवसांत मोड वर येतात, दहा-बारा दिवसांत कापून आमटीत. सकाळी ट्रेमध्ये काय झालं हे बघायला उठावंसं वाटतं. मन उतरलेल्या माणसाला एवढं कारण खूप झालं.

गॅलरी ज्यांच्याकडे आहे त्या सगळ्यांसाठी चार गोष्टी. बारा इंची कुंडी ओल्या मातीने भरली की पंचवीस-तीस किलोंची होते. म्हणून बाहेर काढलेल्या ग्रिलवर कुंड्यांची रांग नको, कठड्यावर तर एकही नको, चौदाव्या मजल्यावरून खाली रस्ता आहे. निम्मं कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, घातलं की वजन उतरतं. नव्या इमारतीत खिडकीबाहेर झाडांसाठी काढलेला 'फ्लॉवर बेड' असेल तर वापरा, पण आधी त्याचं वॉटरप्रूफिंग बघा. (२०१२ च्या आधी मुंबईत फ्लॉवर बेड एफएसआयमध्ये, म्हणजे बांधकामाला परवानगी असलेल्या क्षेत्रफळात, धरत नसत, म्हणून बिल्डरांनी ते मुक्तहस्ताने दिले. फुलं कुठेच दिसली नाहीत, बेडरूम मात्र मोठ्या झाल्या.) कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं की डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास उडतात. पालिकेची माणसं ताटल्या तपासतात ती उगीच नाही. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, ताटल्या रिकाम्या करून घासून पुसा.

अण्णांना मधुमेह आहे, तेव्हा मातीत हात घालताना हातमोजे आणि पायात चप्पल हवीच. खुरप्याचा ओरखडासुद्धा त्याच दिवशी साबणाने धुवायचा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन दहा वर्षं झाली असतील तर घेऊन टाका. बसायला जमिनीवर पाट नको, उंच स्टूल द्या, कुंड्या कमरेच्या उंचीवर आल्या की गुडघे तक्रार करत नाहीत.

काम सुरू झालं तर रोज अर्धा तास पुरे. "आज पाणी घातलं का?" हे मात्र विचारायचं नाही. त्यापेक्षा "अळूची किती पानं काढू?" असं विचारा. परवानगी त्यांची लागते, हे त्यात आपोआप येतं.

आणि समजा, यातलं काहीच झालं नाही. ट्रे बसवून झाला, गळती थांबली, अण्णा पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. तर गणपतीनंतर कुंड्या आवरून टाका, वाईट वाटून घेऊ नका. झाडांशी नातं ठेवायला मातीत हात घालावाच लागतो असंही नाही. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांनी पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली होती. लालबागहून भायखळ्याची राणीची बाग किती लांब? १८६२ मध्ये खुली झालेली, गोरखचिंचेपासून उर्वशीपर्यंत मुंबईत सहसा न दिसणारी झाडं तिथे आहेत. पेंग्विन बघणाऱ्यांच्या गर्दीत त्यांच्याकडे कोणी बघत नाही, त्यामुळे बाकं मोकळी मिळतात. यजमानांना सुट्टी असेल त्या सकाळी दोघा बापलेकांनी जावं, तुम्ही घरी झोपा. बुधवारी बाग बंद असते.